रविवारची सायकल आणि कापूस वेचणीचे दिवस

पत्र थोडक्यात

वय ३६. अकरा वर्षं पुण्यात नोकरी केली. वडिलांचं दुखणं निघालं म्हणून दोन वर्षांपूर्वी अचलपूर तालुक्यातल्या गावी परतलो. घरून काम करतो आणि संत्र्याचा बगीचा बघतो. पुण्यात असताना सुट्टीच्या दिवशी डोंगरात सायकल चालवायचो. तिथल्या मित्रांनी त्यांच्या सात जुन्या माउंटन बाइक पाठवल्या. यंदा गणपतीनंतर मी गावातल्या नऊ मुलग्यांना दर रविवारी टेकडीवर न्यायला लागलो. मुलं १२ ते १६ वयाची, बहुतेक कोरकू आणि शेतमजुरांच्या घरांतली. मला त्यांना डोंगर दाखवायचा आहे, मोबाईलमधून बाहेर काढायचं आहे, आत्मविश्वास द्यायचा आहे. दिवाळीनंतर एका उतारावर १३ वर्षांच्या मुलाने ब्रेक दाबला आणि तो हँडलवरून पुढे फेकला गेला. हळू चालव म्हणून मी दहादा सांगितलं होतं. मनगट मोडलं. दवाखान्याचा खर्च मी केला. त्याचे वडील एक शब्द बोलले नाहीत. आई एवढंच म्हणाली, ‘कापूस येचाचे दिवस हायेत, सर.’ तेव्हापासून चारच मुलं येतात. बायको म्हणते, झालं तेवढं पुरे. मित्र म्हणतात, संस्था नोंदव, कंपन्यांकडून निधी घे आणि रीतसर मोठं कर. बंद करू की वाढवू?

उत्तर

भाऊ, नमस्कार.

बायकोचा सल्ला आणि मित्रांचा सल्ला दोन्ही वाचले, आणि मी अडकले ती त्या आईच्या वाक्यापाशी. ‘कापूस येचाचे दिवस हायेत, सर.’ तुम्ही तो राग समजला असाल. मला तो हिशेब वाटतो. वेचणीची मजुरी किलोवर मिळते, आणि घरात वेचणारे हात किती यावर त्या आठवड्याचा बाजार ठरतो. पोराचं मनगट प्लास्टरमध्ये गेलं म्हणजे एक हात महिना-दीड महिना गेला, तोही ऐन हंगामात. दवाखान्याचं बिल तुम्ही भरलंत, योग्य केलंत. हे दुसरं बिल मात्र तुमच्यापुढे कोणी ठेवलं नाही, कारण तुम्ही ‘सर’ आहात. गावात सरांशी कोणी भांडत नाही. पोरगं पाठवणं तेवढं बंद होतं.

(तेरा वर्षांच्या मुलाने कापूस वेचावा का, हा वाद मलाही घालायचा आहे. त्या आईशी नाही.)

तर पहिला प्रश्न, रविवार कोणाचा? पुण्यात तो सुट्टीचा. तुमच्या गावातल्या मजुरांच्या घरांत तो बहुधा जास्तीच्या हातांचा असतो, शाळा नसते म्हणून. पावसाळ्यात निंदण, दसऱ्याच्या आगेमागे सोयाबीनची सोंगणी, दिवाळीपासून संक्रांतीच्या पुढेपर्यंत कापूस, मध्येच तूर. पायथ्याच्या आणि वरच्या गावांत होळीच्या सुमारास मोहाची फुलं पडू लागली की घरातली लहानगीसुद्धा पहाटे टोपली घेऊन झाडाखाली असतात. संत्र्याचा आंबिया बहार कधी, मृग बहार कधी, हे तुम्हाला झोपेतही सांगता येईल. मुलांच्या घरांसाठी मात्र तुम्ही पुण्याचं कॅलेंडर वापरलंत. घरोघर जाऊन विचारलं असतं तर कदाचित शनिवारची दुपार निघाली असती. आपल्याकडे बऱ्याच शाळा शनिवारी सकाळच्या असतात. तीन ते साडेचार एवढा वेळ हिवाळ्यात पुरतो, आणि दिवे लागायच्या आत पोरं घरी पोचतात.

आता तुमचं दुसरं वाक्य, ‘मला त्यांना डोंगर दाखवायचा आहे.’ भाऊ, खरं सांगा, पहिल्या रविवारी वाट कोणी दाखवली? माझा अंदाज असा, की तुम्ही फोनमधला नकाशा उघडला असेल आणि एखादा पोट्टा म्हणाला असेल, ‘सर, इकून नाई, इकून.’ बकऱ्यांमागे, सरपणाला, ढोरं शोधायला ही मुलं त्या टेकडीवर शंभरदा गेलेली असतात. कुठल्या नाल्याला मार्चपर्यंत पाणी टिकतं आणि कुठल्या कपारीकडे संध्याकाळी फिरकायचं नाही, हे त्यांना माहीत असतं. कोरकू घरातल्या मुलाला सातपुडा दाखवायला नेणं म्हणजे बारशाला आलेल्या पाहुण्याने आजीलाच घर दाखवण्यासारखं झालं.

ही ‘दाखवण्याची’ कल्पना आली कुठून, तेही सांगते, कारण ती वाईट नाही, फक्त दुसऱ्या गावची आहे. माउंटन बायकिंग हा खेळ १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीच्या डोंगरउतारांवर रुजला. तिथेच मॅरिलिन प्राइस या बाईंनी १९८८ साली ‘ट्रिप्स फॉर किड्स’ सुरू केलं. शहरातल्या गरीब वस्त्यांमधल्या मुलांना सायकल आणि हेल्मेट द्यायचं आणि डोंगरात घेऊन जायचं. त्या मुलांसाठी डोंगर खरोखरच नवा होता. जवळ असूनही तो त्यांच्या वाट्याला आलेला नव्हता. आपल्याकडे गणित उलटं आहे. डोंगर रोजचा आहे, नवी आहे ती गिअरची सायकल. आणि त्याहून नवं आहे ते बिनकामाचं फिरणं.

याच्यावर जरा थांबा. तुमच्या गावात सायकल कशासाठी निघते? दळण, चारा, पाण्याच्या कॅन, वावरातला डबा, शाळा. कॅरिअर रिकामं ठेवून, काहीही न आणता, फक्त उतारावरचा वारा खायला सायकल काढायची ही चैन या मुलांना कोणी दिली नव्हती. ती तुम्ही दिलीत. म्हणून बंद करा असं मी म्हणणार नाही. पण ही चैन त्या आईच्या हिशेबाशी थेट टक्कर घेते, हे ध्यानात ठेवूनच दिवस ठरवा.

आता पडण्याबद्दल. ‘हळू चालव म्हणून दहादा सांगितलं होतं’ या वाक्यात दोष हळूच मुलाकडे सरकतो. मला वाटतं, तो मुलगा बेफिकीर नव्हता. तो नेहमीसारखाच ब्रेक दाबत होता. घरच्या सायकलीचे ब्रेक कसे असतात, आठवून बघा. रबर झिजलेलं, तार सैल. मुठी आवळून जीव खाऊन दाबायचं, शिवाय चप्पल जमिनीवर घासायची, तेव्हा कुठे सायकल थांबते. हा हात त्याने लहानपणापासून कमावला आहे. तुमच्या मित्रांच्या सायकलींना डिस्क ब्रेक असणार. तिथे एका बोटाचं काम. त्याने सवयीने पूर्ण मूठ आवळली, पुढचं चाक जागीच अडलं, आणि उतारावर पुढे झुकलेलं अंग हँडलवरून गेलं. त्याच्याजवळ कसब होतं, पण ते दुसऱ्या सायकलीचं होतं. हे तुम्ही त्याला, आणि त्याच्या वडिलांनाही, याच शब्दांत सांगायला हवं. मुलाच्या डोक्यात आत्ता ‘मी चुकलो’ एवढंच असेल.

मग शिकवायचं कसं? टेकडी नंतर. आधी तीन-चार वेळा शाळेचं मैदान. फक्कीची (चुन्याची) एक रेघ मारा आणि म्हणा, रेघेवर चाक थांबलं पाहिजे, मागे नाही, पुढे नाही. आधी फक्त मागचा ब्रेक, मग दोन्ही, दोन्हीवर एकेकच बोट. दान आलेल्या सायकलींत पुढच्या-मागच्या ब्रेकची मूठ एकसारखी असेलच असं नाही. तपासा, आणि सातही सायकलींची एकाच बाजूला करून घ्या. मग मैदानाच्या कडेचा छोटा उतार. सीट खाली घ्यायची, दोन्ही पायडल एका पातळीत ठेवून उभं राहायचं, ढुंगण मागे न्यायचं. हा शब्दच वापरा, ‘शरीराचा भार मागे’ म्हटलं तर कोणाला कळत नाही. उतार संपल्यावर डिस्कला बोट लावू नका हेही सांगा. ती तापून लाल व्हायची वाट न बघता भाजते, आणि पोरं पहिलं तेच करतात.

माप बघा. मोठ्या माणसाची २९ इंची सायकल बारा वर्षांच्या पोराला देऊ नका. दोन्ही पाय जमिनीवर टेकवून उभं राहिल्यावर मधला दांडा आणि मूल यांत चार बोटं तरी जागा हवी. हेल्मेट भुवयांच्या वर दोन बोटं, पट्ट्याखाली दोन बोटं. हेल्मेट सात आणि मुलं नऊ असतील, तर एका वेळी सातच. ‘एक चक्कर बिनहेल्मेटची’ हा लाड नको.

हायड्रॉलिक, म्हणजे तेलावर चालणाऱ्या डिस्कच्या सायकली असतील तर माझा सल्ला असा, की त्या तुमच्यापुरत्या ठेवा किंवा परत पाठवा. त्यांचं तेल-पॅड तालुक्याच्या दुकानात मिळणं मुश्कील. तारेचे साधे ब्रेक असलेल्या सायकली घ्या. पंक्चरवाल्या भाऊंना त्या उघडता येतात, आणि मुलांनाही.

इथूनच मला तुमच्या उपक्रमाचा पाया वेगळीकडे हलवावासा वाटतो. सहल राहू द्या, पण आधी दुरुस्ती. मरीनच्या त्या बाईंनीही पुढे जुन्या सायकली दुरुस्त करून विकायचं दुकान काढलं, आणि मुलं तिथे हाताने काम शिकली. तुमच्या गावात सायकली किती आहेत, मोजल्यात? सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातून निवडक तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना शाळेसाठी सायकली मिळतात. त्यातल्या कितीतरी ट्यूब फाटली, चैन गंजली म्हणून घरामागे उभ्या असतात. शनिवारी दुपारी तुमच्या ओसरीत पाने, पंप, सोल्युशन, पॅच आणि पाण्याचं घमेलं ठेवा. मुलांना सांगा, गावातली कुठलीही सायकल आणा.

पंक्चर काढताना बघा. ट्यूब पाण्यात दाबली की बुडबुडा येतो, ती जागा खुणेची. घासून, सोल्युशन लावून, ते जरा वाळू देऊन पॅच बसवला. नवशिका इथेच खुश होतो, हवा भरतो आणि संध्याकाळी पुन्हा चाक बसलेलं असतं, कारण बाभळीचा काटा टायरमध्येच राहिलेला असतो. तो बोटांनी शोधायला गेलात तर बोट फाटतं. त्यापेक्षा कापसाचा एक बोळा घ्यायचा आणि टायरच्या आतून सावकाश फिरवायचा. काटा असेल तिथे तंतू अडकतात. मग चिमट्याने बाहेरून ओढायचा. विदर्भात या कामाला लागणारं साहित्य विकत आणावं लागत नाही.

ज्याने एक सायकल उघडून पुन्हा जोडली त्याला पुढच्या सहलीत पहिली निवड, असा नियम करा. आत्मविश्वास ‘द्यायचा’ शब्द मला खटकला होता, तो या घमेल्याजवळ बसल्यावर आपोआप गळून पडेल. सायकल घरी न्यायची मागणी येईल. आलेलीही असेल. एकाला देणं म्हणजे आठांना नाही म्हणणं, तेव्हा ठरलेले शनिवार काम केल्यावर दुरुस्त केलेली एक सायकल मुलाच्या नावावर, असं काही आधीच जाहीर करा. गुपचूप कोणाला देऊ नका. गावात गुपचूप काही राहत नाही.

एक जुनी गोष्ट सांगते, माझ्या कमीपणाची. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात मी शिक्षिका होते. दर शनिवारी दुपारी देवळाच्या ओट्यावर पत्र्याची पेटी उघडायची आणि पोरांना गोष्टींची पुस्तकं द्यायची. सात महिने छान चाललं. मग बदली झाली. ‘महिन्यातून एकदा येत जाईन गं,’ असं म्हणाले आणि दोनदा गेले. चार वर्षांनी बसस्टँडवर एका मुलीने मला ओळखलं. नमस्कार केला. म्हणाली, ‘तुमचं एक पुस्तक माह्याजवळच राह्यलं, मॅडम. मी चार शनवार ओट्यावर आणून बसली.’ तिच्या आवाजात तक्रार नव्हती. असती तर मी विसरले असते.

तुमचे वडील आजारी आहेत. उद्या कंपनीने पुण्याला बोलावलं तर? ‘दर रविवारी’ हे वचन तुम्हाला झेपणारं नाही, आणि मुलांचा अनुभव असा आहे की बाहेरून आलेलं चांगलं काम दोन-चार महिन्यांत जातं. म्हणून मुदत घालून सांगा. अमुक तारखेपर्यंत, महिन्यातून दोन शनिवार, आणि पेरणी सुरू झाली की बंद. येऊ शकलो नाही तर आदल्या दिवशी निरोप येईल. एवढंच बोला आणि एवढं पाळा. मोहाच्या दिवसांत मुलं आली नाहीत तर ती ‘गैरहजेरी’ मांडू नका.

वाटांबद्दल. चिखलदऱ्याचा घाट डोक्यातून काढा. चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे १,१०० मीटर उंचीवर, परतवाड्याहून तीसेक किलोमीटरची वळणं, आणि सुट्टीच्या दिवशी पर्यटकांच्या गाड्या. तो रस्ता मोठ्यांचा आहे. तुमच्यासाठी पांदणी, गायरान आणि गावाजवळची टेकडी भरपूर. पाऊस पडून गेल्यावर दोन दिवस काळ्या मातीत शिरू नका. चाक, ब्रेक, चैन सगळं एका गोळ्यात जातं आणि सायकल खांद्यावर घेऊन परतावं लागतं.

पांदण सोडून कोणाच्या वावरातून आडवाट मारायची नाही, हा नियम मात्र दगडावरची रेघ समजा. पिकाचं नुकसान हे एक कारण. दुसरं जिवाचं. रानडुकरं आणि रोही (नीलगाय) यांच्यापासून पीक वाचवायला काही जण तारेत चोरून करंट सोडतात. बेकायदा आहे, माणसं मेली आहेत, तरी होतं.

जंगलाच्या बाबतीत उत्साह आवरा. १९७३-७४ मध्ये देशात जे पहिले नऊ व्याघ्र प्रकल्प झाले त्यांत मेळघाट आहे. त्या हद्दीतल्या पायवाटा म्हणजे सायकलचं मैदान नव्हे. वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय मुलांना घेऊन आत पाऊल टाकू नका, बाहेरच्या झुडपी जंगलातही आधी विचारा. वाघाची भीती सगळे सांगतात. मला अस्वलाची जास्त वाटते. पायी माणसाची चाहूल लांबून लागते, सायकल मात्र आवाज न करता वळणावर येऊन उभी राहते, आणि दचकलेलं अस्वल बऱ्याचदा पळत नाही, अंगावर येतं. घंटी वाजवा, मोठ्याने बोलत चला, पहाट आणि संध्याकाळ टाळा. कुठे जायचं नाही हे मुलांनाच विचारा. इथे ते ‘सर’ आहेत. गावाला सामूहिक वनहक्क, म्हणजे आपल्या जंगलावरचा कायदेशीर हक्क, मिळालेला असेल तर ग्रामसभेत उभं राहून परवानगी मागा. अमरावती जिल्ह्यातल्याच पायविहीरच्या लोकांनी या हक्काच्या बळावर उजाड जंगल पुन्हा उभं केलं, सीताफळं विकली. अशा गावात सायकलची वाट कुठून जावी हे गावानेच ठरवलेलं बरं, आणि वाट दाखवणारी मुलं त्यांचीच असतील.

फेब्रुवारी संपला की उन्हामुळे टेकडीवरून सकाळी नऊच्या आत परत, एप्रिल-मे टेकडी पूर्ण बंद. वीज चमकायला लागली तर झाडाखाली थांबायचं नाही. ‘दामिनी’ हे अ‍ॅप फोनमध्ये ठेवा, आसपास वीज पडण्याचा इशारा त्यावर येतो. निघण्याआधी दोन गोष्टी माहीत करून घ्या, सर्पदंशावरचं प्रतिविष जवळ कुठल्या सरकारी दवाखान्यात आहे आणि एक्स-रे कुठे निघतो. १०८ ची गाडी यायला किती वेळ लागतो ते आधीच विचारा, आणि त्या दिवशी गावात एक चारचाकी तयार असू द्या. आणि खाऊ आधी, सायकल नंतर. अनेक मुलं काही न खाता आलेली असतात आणि सांगत नाहीत. चढावर घेरी आली की आपण म्हणतो, दम नाही पोरात. मूठभर फल्लीदाणे, गुळाचा खडा, मीठ-साखरेचं पाणी, याला काही मोठा निधी लागत नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात. प्रत्येक घरी जाऊन संमती घ्या. वाचता येत नसेल तर दोन माणसांसमोर वाचून दाखवा, आणि त्यात ‘पडू शकतो, हात मोडू शकतो’ हे स्पष्ट म्हणा. सही मिळाली म्हणून तुमची जबाबदारी संपत नाही, पण पुढच्या वेळी वडील गप्प राहणार नाहीत. मुलांचा एकत्रित अपघात विमा उतरवा. आश्रमशाळेतली मुलं असतील तर मुख्याध्यापकांच्या तोंडी होकारावर निघू नका, आदिवासी विकास विभागाच्या प्रकल्प कार्यालयाची लेखी परवानगी हवी. बरोबर नेहमी दोन मोठी माणसं, आणि कुठलंही मूल एकट्या मोठ्या माणसाबरोबर नाही, तुमच्याबरोबरही नाही. यात अपमान मानू नका. मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणारा पोक्सो कायदा २०१२ चा आहे, तो १८ वर्षांखालच्या सगळ्यांना लागू आहे, आणि अत्याचाराची माहिती असून ती न कळवणं हाही त्यात गुन्हा आहे. मुलं मोकळी झाली की घरचं बोलू लागतात. मुलांसाठी मदतीचा क्रमांक १०९८, तो तुम्हाला पाठ हवा.

फोटो. मला खात्री आहे तुम्ही टाकले आहेत. चकचकीत सायकल, धुळीने भरलेलं पोरगं, खाली ‘हास्य फुललं’ वगैरे. काढून टाका.

आणि मुली? तुमच्या पत्रात नऊ मुलगे आहेत, एकही मुलगी नाही, आणि ती का नाही याबद्दल एक ओळही नाही. गावातल्या सरकारी योजनेच्या सायकली मुलींच्याच नावावर आहेत, हे विसरू नका. ‘घरचे पाठवत नाहीत’ हे उत्तर मला चालणार नाही, कारण तुम्ही विचारलेलंच नाही. टेकडीवर नका नेऊ आत्ता. ओसरीतल्या दुरुस्तीला बोलवा, दिवसाउजेडी, रस्त्यावरून दिसेल अशा जागी, अंगणवाडीताई किंवा आशाताई बरोबर असतील अशा वेळी. स्वतःची सायकल स्वतः दुरुस्त करता येणारी मुलगी शाळेत जायला कोणावर अडून राहत नाही. हे कुठल्याही आईला पटतं, हिशेबातही बसतं. मैदान त्यानंतर. मी स्वतः भावाच्या सायकलवर कैची मारत शिकले, दांड्याखालून पाय घालून, आणि गुडघ्यावर अजून खूण आहे. तेव्हा पडण्याची भीती मुलींना जास्त असते हे मला कोणी सांगू नये.

तुमच्या बायकोचं म्हणणं तुम्ही एका ओळीत उरकलंत, म्हणून मीही एकच ओळ लिहिते. रविवारी तुम्ही टेकडीवर असता तेव्हा तुमच्या वडिलांना औषध कोण देतं?

मित्रांची संस्था आणि निधी ही गोष्ट यंदा सोडून द्या. निधी आला की आकडे मागतात, आकड्यांसाठी मुलं वाढवावी लागतात, आणि सात सायकलींवर वीस मुलं बसली की पुढचं मनगट ठरलेलं. एक पावसाळा, एक हिवाळा असाच लहान जाऊ द्या. तेव्हाही मुलं येत असतील आणि तुम्हाला जोडीला गावातलाच एखादा विशीतला पोरगा मिळाला असेल, तर पुन्हा लिहा.

या आठवड्यात मात्र एकच काम करा. त्या मुलाच्या घरी जा, मजुरीवरून सगळे परतल्यावर, अंधार पडताना. जाताना फळं-बिस्किटं नेलीत तर न्या, पण तीच सायकल बरोबर ढकलत न्या. वडिलांसमोर पुढचं चाक उचला, फिरवा आणि त्यांना एका बोटाने ब्रेक दाबायला सांगा. ते स्वतः बघतील चाक कसं जागीच थांबतं. मग सांगा की हे मी आधी शिकवायला हवं होतं. वेचणीच्या बुडालेल्या मजुरीचं विचारा, आडपडदा न ठेवता, आणि ते नको म्हणाले तर लगेच सुटलो म्हणून उठू नका. चहा येईल, तो घ्या. सायकलीचं एखादं चाक बसलेलं असेलच, पोराला टायर उघडायला बसवा. एका हाताने त्याला पाना धरता येणार नाही, पण घरात कोपऱ्यात कापूस पडलेला असेल. त्यातला एक बोळा त्याच्या आईकडे मागा आणि टायरच्या आतून त्यालाच फिरवू द्या.